दौंडहून आलेलं क्रीम चीज

आमच्या घरात माणसं किती, यापेक्षा दूध किती, याची चौकशी आधी व्हायची. पाहुणा दारात चपला काढत असतानाच आबा विचारायचे, सध्या डेअरीला किती जातंय; आणि पाहुणाही आधी त्याचं उत्तर द्यायचा आणि मग पाणी मागायचा. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाहेर, उसाच्या रानाला लागून आमचं चार खोल्यांचं पत्र्याचं घर होतं आणि त्याला चिकटून गोठा. चिकटून म्हणजे किती, तर स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून बसलं की पलीकडं म्हशीनं अंग घासलेलं आपल्याला कळायचं. आबांचे वडील मेंढरं घेऊन आठ महिने हिंडणारे. आबांनी मेंढरं विकली, म्हशी घेतल्या, विहीर पाडली आणि ऊस लावला. मेंढरं गेली, पण दुधाचे कायदे मात्र घरात राहिले, आणि त्या कायद्यांची कलेक्टर होती माझी आई.

पहिली धार भुईवर सोडायची, ती बिरोबाची. दुधाचं भांडं ओलांडायचं नाही. दूध उघडं घेऊन रस्त्यानं जायचं नाही. हे सगळं मला पाठ होतं आणि मी ते सोयीनुसार मोडतही होते. पण दोन गोष्टींत आई कुणाचं ऐकायची नाही. एक म्हणजे विरजण. ते सासूकडून तिच्या हाती आलेलं, एका ठेंगण्या मडक्यात, आणि तेव्हापासून रोज रात्रीच्या दह्यातून चमचाभर मागं राखत राखत तिनं ते जिवंत ठेवलेलं. त्याला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. नव्या सुनेनं तर वर्ष फिरल्याशिवाय नाहीच. तिलाही तिच्या सासूनं वर्षभर थांबवलं होतं. आणि दुसरी गोष्ट, दूध हातानं नासवायचं नाही. आपोआप नासलं तर तो उन्हाचा दोष. पण धडधाकट दुधात कुणी मुद्दाम आंबट घालून ते फाडलं, तर ते जनावराच्या कासेला लागतं, असं आई मानायची. तिच्या माहेरी सगळेच तसं मानत. मिठाईच्या दुकानासमोरून जाताना ती रसगुल्ल्यांकडं बघायचीसुद्धा नाही.

अशा घरात छायावहिनी आली. माझा भाऊ बापू, त्याला मी दादा म्हणते, शेती बघायचा आणि दोन्ही वेळेला मोटारसायकलला किटल्या अडकवून डेअरीला दूध घालायचा. वहिनी दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समधली. तिचे वडील आमच्याच समाजातले, पण रेल्वेत पॉइंट्समन, रूळ बदलून गाड्यांना वाट देणारे. तिचं सगळं लहानपण रुळांच्या कडेला गेलेलं. आमच्याकडं आल्यावर पहिल्या आठवड्यात तिला झोप येईना. मी विचारलं, काय होतंय, तर म्हणाली, "वन्सं, इथं काहीच वाजत नाही गं." तिकडं रात्रभर शंटिंग चालायचं, डबे एकमेकांवर आदळायचे, आणि त्या धडधडीत ती गाढ झोपायची. आमच्याकडच्या शांततेनं ती दचकून उठायची. मला तर ती बघताक्षणीच आवडली. मी तेव्हा अकरावीत होते, घरात बोलायला कुणी नव्हतं आणि ही बाई तर बोलायची थांबायचीच नाही. निम्मं मराठी, मधेच हिंदी, मधेच 'सिग्नल', 'ड्युटी', 'रिलीव्हर' असले शब्द. आबा आंघोळीला गेले की म्हणायची, मामा आता आउटरला थांबलेत, म्हणजे स्टेशनाबाहेर सिग्नलची वाट बघत. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणते, तशी तीही म्हणायची.

तिच्या बोलण्यात सारखी एक डोरोथी आंटी यायची. शेजारच्या क्वार्टरमधली ख्रिश्चन बाई, नवरा गार्ड होता तो निवृत्त झालेला, मुलं लांब परदेशी. वहिनी शाळेतून आली की आधी आंटीकडं जायची आणि मग घरी. आंटी तिला ब्रेडवर काहीतरी पांढरं लावून द्यायची, त्यावर काकडीच्या चकत्या आणि मिरपूड. त्याला म्हणायचं क्रीम चीज. मी चीज हा शब्द फक्त जाहिरातीत ऐकलेला. वहिनी सांगायची ते मात्र कुठल्याही जाहिरातीत नव्हतं. उकडलेला बटाटा गरम असतानाच फोडायचा, त्यात हे घालायचं, वर लसूण आणि कोथिंबीर. भज्याच्या जाड मिरच्यांत हे भरायचं आणि तव्यावर डाग पडेपर्यंत परतायच्या. मटारचे दाणे नुसते वाफवून यात घोळवायचे. "त्यात अवघड काहीच नाही," वहिनी म्हणायची, "चहा येतो त्याला हे येतं." दुपारच्या वेळी ज्वारी निवडत ती हे सांगायची आणि माझ्या पोटात खड्डा पडायचा. दूध-दही-तूप यांत वाढलेली मी, पण दुधाचं काहीतरी तिखट-मिठाचं करून खातात ही कल्पनाच मला नवी होती. आमच्याकडं फार तर ताकाची कढी.

एकदा आई न्हावऱ्याला मावशीकडं बारशाला गेली. सकाळच्या जीपनं जाऊन दिवेलागणीला परत येणार होती. तिची जीप वळणाआड गेली आणि मी वहिनीकडं बघितलं, वहिनीनं माझ्याकडं. मीच म्हणाले, आज करूया. वहिनी थोडी घुटमळली. तिला या घरात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. पण तिच्या हातांना तीन महिने काही स्वतःचं करायला मिळालं नव्हतं. भाकरी आईच्या मापाची, कालवण आईच्या चवीचं. शेवटी तिनं पदर खोचला. आमची चांदी नावाची म्हैस होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिचं दूध आई डेअरीला घालायची नाही, घराला ठेवायची, इतकं ते दाट. त्यातलं तांब्याभर दूध वहिनीनं पातेल्यात घेतलं, वर दोन दिवसांची साय घातली, बोट सोसवेल इतकं तापवलं आणि लिंबू पिळलं. मला दूध न फाडायचा नियम आठवला नाही असं नाही. पण पातेल्यात पांढरे ढग जमायला लागले आणि खाली हिरवट पिवळं पाणी सुटलं, तेव्हा मी इतकी रंगून गेले होते की नियम, आई, न्हावरं, सगळं विसरले.

आबांच्या जुन्या धोतराच्या धुतलेल्या फडक्यात ते बांधून आम्ही मोरीतल्या खुंटीला टांगलं. दुपारी वहिनीनं सोडलं, मीठ घातलं आणि रवीनं नाही, हातानंच फेटलं, अगदी लोण्यासारखं होईपर्यंत. मग काय विचारता. निम्म्यात तिनं ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर घातली, निम्मं जाड मिरच्यांत भरलं. बटाटे उकडले. सकाळच्या भाकरीचे चतकोर तव्यावर कडक केले आणि त्यावर ते पांढरं लावून वर हिरव्या मिरचीचा ठेचा, नखभर. पहिला चतकोर मी खाल्ला. तिखट आधी लागलं आणि मग मागून ते गार, आंबूस, मऊ काहीतरी आलं आणि तिखटाला थोपटून गेलं. आज माझी पन्नाशी उलटलीय, शिरूरच्या दुकानातसुद्धा फ्रीजमध्ये डबीतलं क्रीम चीज मिळतं, माझा मुलगा ते पावाला फासतो आणि मला देतो. मी खाते. पण त्याला त्या भाकरीच्या चतकोराची सर नाही, आणि हे मी त्याला दर वेळी सांगते, म्हणून हल्ली तो मला द्यायचंच विसरतो.

दादा शेतातून आला, त्यानं उभ्या उभ्या चार मिरच्या संपवल्या. आबा आले, त्यांनी आधी संशयानं बघितलं, हे चक्का हाय का म्हणून विचारलं, आणि मग बसले ते उठेचनात. बटाटे संपले. आबा बोटं चाटत म्हणाले, "सूनबाई, हे रोज का न्हाई करीत तुम्ही?" वहिनीचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आता हिला झोप लागेल. त्याच वेळी जीप थांबल्याचा आवाज आला आणि आई आत आली. हातात बारशाच्या घुगऱ्यांची पुडी. चुलीपाशी झाकून ठेवलेलं ते हिरवट पाणी वहिनीनं भाकरीचं पीठ मळायला राखलं होतं. आईनं झाकण उचललं. एकदाच वास घेतला आणि विचारलं, हे कशाचं. आबांनी हातातला शेवटचा चतकोर हळूच ताटाखाली सारला, जणू काही त्यामुळं ते त्या गावचेच नव्हते. वहिनीच पुढं झाली आणि खरं काय ते सांगितलं. आई चिडली नाही, ओरडली नाही. तिनं पुडी फळीवर ठेवली, हात धुतले, आणि गोठ्यात जाऊन चांदीच्या पाठीवर हात फिरवत बराच वेळ उभी राहिली. त्या रात्री ती जेवली नाही.

आणि नशीब बघा. तिसऱ्या दिवशी चांदीची कास एका बाजूला दगडासारखी झाली. आमच्याकडं या दुखण्याला दगडीच म्हणतात. धार काढायला गेलं की ती लाथ झाडायची. जनावरांचे डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, गोठ्यातला चिखल बघून म्हणाले, जागा कोरडी ठेवा, यातूनच होतं हे. चांदी आठवड्यात बरी झाली, पूर्ण बरी झाली, पहिल्यासारखं दूध द्यायला लागली. पण आईच्या लेखी निकाल लागला होता. तिनं वहिनीला एवढंच सांगितलं, "तू आता दुधाला हात लावू नगंस." बाकी काही नाही. टोमणा नाही, माहेरचा उद्धार नाही. आई तशी बाईच नव्हती. पण आमच्या घरात दुधाला हात लावायचा नाही म्हणजे करायचं काय. पहाटे धारा, मग डेअरी, मग तापवणं, संध्याकाळी पुन्हा धारा, रात्री विरजण, सकाळी घुसळण. बायकांचं सगळं बोलणं-चालणं, हसणं-खिदळणं त्या कामातच. वहिनी बिचारी भाकऱ्या थापायची, धुणं धुवायची, आणि धारांची वेळ झाली की ओसरीवर जाऊन बसायची. चहासुद्धा ती कोराच करायची आणि दूध आई वरून घालायची.

घराचं हसणंच आटलं. दादा दोघींच्या मधे सापडलेला, तो शेतात जास्त वेळ काढायला लागला. आबांनी एकदा धीर करून विषय काढला, दगडी काय आजच होती का, तुझ्या माहेरीसुद्धा म्हशींना व्हायची. आईनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं आणि आबांना विहिरीवरचं काहीतरी तातडीचं काम आठवलं. मी आईला सांगितलं की करूया असं मीच म्हणाले होते. ती म्हणाली, ते मला ठाऊक हाय, पण लिंबू तू पिळलं न्हाईस. वहिनीचं बोलणं कमी कमी होत गेलं. एकदा धुणं वाळत घालताना ती मला म्हणाली, "पाहुणीसारखं किती दिवस राहू, वन्सं? पाहुण्यानं आपल्या घरी जावं." ती ते रागानं म्हणाली असती तर मला काही वाटलं नसतं. ती अगदी सहज म्हणाली, आणि तिनं पुढचा कपडा झटकून दोरीवर टाकला.

त्या वर्षी अधिक महिना आला होता. लग्नानंतरचा पहिलाच, म्हणजे दौंडकरांचं जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावणं आलंच. निरोप आला की सगळ्यांनीच या. त्यातच वहिनीच्या आईचा आणखी एक निरोप होता, की पोरीला मग महिनाभर ठेवून घेते. वहिनीनं आपली ट्रंक भरली. महिन्याच्या मानानं ती फार भरली, हिवाळ्याची शालसुद्धा आत गेली, आणि ते मी बघितलं. म्हशींची सोय शेजारच्या तात्यांवर सोपवून आम्ही निघालो. न्हावऱ्यापर्यंत जीप, पुढं केडगावपर्यंत एसटी आणि तिथून दौंडला शटल. आई रेल्वेत पहिल्यांदाच बसत होती. तिनं खिडकीची जागा धरली आणि दौंड येईपर्यंत कुणाच्या रानात पाणी चाललंय आणि कुणाचा ऊस लोळलाय, हे आबांना सांगत राहिली.

क्वार्टर दोन खोल्यांची, पण स्वागत असं की विचारू नका. दादाला पाटावर बसवलं, ओवाळलं, नवं धोतर दिलं. ते त्याला नेसता येईना, आबांनी मदत केली तेव्हा विहीणबाई पदरानं तोंड झाकून हसत होत्या. तेहतीस अनारशांचं वाण, त्यावर दिवा. आणि जेवण. पुरणाचे धोंडे, तूप, खीर, परत पुरण, परत तूप. अनारसे तर होतेच. विहीणबाई वाढताना नको म्हटलेलं ऐकायच्या नाहीत. आई मुळातच गोडाची नाही, पण व्याह्यांच्या दारी पानात टाकणंही तिच्यात बसत नव्हतं. चौथा धोंडा पानात पडला तेव्हा तिचा चेहरा परीक्षेच्या पेपराला बसलेल्या पोरासारखा झाला होता. माझीही गत तीच. दादा तर उजव्या हातानं जेवत होता आणि डाव्या हातानं पोट धरून बसला होता.

तेवढ्यात दार वाजलं. फुलाफुलांचा झगा घातलेली, पांढऱ्या केसांची, जाडजूड बाई हातात झाकलेलं ताट घेऊन आत आली. ताट खाली ठेवलं, वहिनीच्या दोन्ही गालांना हात लावला, दादाला म्हणाली, जमाईराजा, हाउ आर यू, आणि स्टोव्हवर दूध ठेवून आलेय म्हणत आली तशी निघूनही गेली. ताटात मिरच्या होत्या. जाड, तव्यावर डाग पडलेल्या, पोटात काहीतरी भरलेल्या. मी ओळखलं. दादानं ओळखलं. आबांनी तर सगळ्यांच्या आधी ओळखलं, कारण ते एकदम छताकडं बघायला लागले. वहिनी आत पाणी आणायला गेली होती. आणि आईनं, गोडानं पिचलेल्या माझ्या आईनं, कुणी वाढायची वाट न बघता हात पुढं केला आणि एक मिरची उचलली.

तिनं ती देठापर्यंत खाल्ली. मग दुसरी घेतली. आमच्या घरात स्वयंपाकाला बरं म्हणायची रीत नाही, दुसऱ्यांदा हात गेला म्हणजे झालं कौतुक. तिसरी तिनं अर्धी खाल्ली आणि विहीणबाईंना विचारलं की यात काय घातलंय, जिवात जीव आला बघा. विहीणबाई भाबडी बाई, त्यांना आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. लेकीनं माहेरी अक्षर कळवलं नव्हतं. त्या कौतुकानं म्हणाल्या, ते आंटीचं क्रीम चीज, घरीच करते ती दुधाचं, आमची छाया त्यावरच तर वाढली. वहिनी तांब्या घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. आईच्या हातात अर्धी मिरची. मला वाटलं, आता ती खाली ठेवणार आणि ट्रंकेतली शाल खरी होणार. आईनं मिरचीकडं बघितलं, वहिनीकडं बघितलं, आणि अन्न टाकायचं नाही म्हणून म्हणा किंवा सोडवेना म्हणून म्हणा, ती अर्धी मिरचीही खाऊन टाकली. मग हात धुतला, पदर डोक्यावर नीट केला आणि सरळ शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. तिच्यामागं आमची वरात.

आंटी स्टोव्हपाशी बसली होती. आईनं नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. विचारलं, "बाई, तुम्ही दूध फाडता व्हय?"

आंटीनं चष्मा वर केला. "फाडते? क्यूं? चांगला दूध फाडायचा कशाला?" ती म्हणाली. "गरम करायचा, मलई टाकायचा, रातको दही लावायचा. सुबह कपडे में लटकायचा. बस. टाइम लागते. लिंबू डालके भी होता, पर वो जल्दीवाला काम है. वैसा टेस्ट नहीं."

आईला हिंदी येत नव्हतं, पण दही लावायचा हे तिला कुठल्याही भाषेत कळलं असतं. ती वळली. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. आईच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. ती म्हणाली, "म्हंजी ह्ये इरजून करत्यात. तुला ठावं हुतं?"

वहिनीनं मान हलवली.

"मग लिंबू का पिळलंस, पोरी?"

"विरजण तुमचं होतं, आत्या," वहिनी म्हणाली. "त्याला हात कसा लावणार होते मी?"

कॉलनीच्या पलीकडून एक मालगाडी निघाली होती, डब्यामागून डबा चालला होता. आईचा चेहरा मी तेव्हा वाचायचा प्रयत्न केला, आजही आठवून बघते. दूध फाडायचं नाही हा एक कायदा, विरजणाला हात लावायचा नाही हा दुसरा. पोरीनं दुसरा पाळला म्हणून तिच्याकडून पहिला मोडला. आणि त्या दुसऱ्या कायद्यापायी आईनं स्वतः वर्षभर सासूच्या दारात ताटकळून काढलं होतं. ती एकदा म्हणाली होती की त्या वर्षात मला दही गोड लागलं नाही. त्या क्षणी तिला तेच आठवलं असेल का, मी कधी विचारलं नाही. ती आंटीच्या वेताच्या मोढ्यावर बसली, आणि मलई किती, दही किती, लटकवायचं कुठवर, हे सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. एक मराठीत विचारत होती, दुसरी रेल्वेच्या हिंदीत सांगत होती. दुभाषी म्हणून मधे वहिनी. हळूहळू तिचा आवाज मोठा व्हायला लागला, मग तिचे हात हलायला लागले, आणि शेवटी आंटी काहीतरी म्हणाली आणि ते मराठीत सांगता सांगता वहिनीच फिसकन हसली. किती दिवसांनी ते हसणं ऐकलं मी. दादा दाराबाहेर धोतर सावरत उभा होता, तो उगाचच हसायला लागला.

दुपार कलली. शटलची वेळ झाली. वहिनीची ट्रंक कोपऱ्यात तशीच होती. विहीणबाईंनी ठरल्याप्रमाणं विषय काढला, की पोर आता आलीच आहे तर राहू द्या महिनाभर, अधिकाचा महिना आहे, माझ्याही हाताला मदत होईल. वहिनी खाली बघत होती. दादा आईकडं बघत होता. मी तर देवाचं नाव घेत होते.

आई चपला घालत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या म्हणता, ते खरं. पर आज रातीचं इरजण मग कुणी लावायचं?"

विहीणबाईंना त्यातलं काहीच कळलं नाही. घरातली एवढी बायामाणसं असताना विरजण लावायला यांना माझीच पोर कशाला लागते, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. पण वहिनीला कळलं. तिनं तोंडावर पदर घेतला आणि ती रडायला लागली, आणि आबा म्हणाले, चला चला, गाडी कुणासाठी थांबत न्हाई, आणि स्वतःच ट्रंक उचलून बाहेर पडले.

घरी पोचलो तेव्हा तात्यांनी धारा काढून ठेवल्या होत्या. आईनं चांदीच्या दुधाचं पातेलं वहिनीपुढं सरकवलं आणि स्वतः पाय पसरून भिंतीला टेकून बसली. माझ्या जन्मात मी तिला त्या वेळी बसलेली बघितली नव्हती. वहिनीनं दूध तापवलं, साय घातली, बोट बुडवून बघितलं, आणि त्या ठेंगण्या मडक्यातून चमचाभर विरजण घेऊन त्यात घातलं. सकाळी सगळ्यांच्या आधी आबा पातेल्यापाशी. दही असं लागलं होतं की पातेलं तिरकं केलं तरी हलेना. वहिनीनं ते फडक्यात बांधलं, आईनं स्वतः खुंटीला टांगलं. दुपारपर्यंत या घरात कुणाचं कशात लक्ष नव्हतं. आबा दोनदा मोरीत हात धुवायला गेले. मी कॉलेज बुडवलं.

दुपारी वहिनीनं गाठ सोडली. लिंबाच्यापेक्षा हे वेगळंच होतं. पांढरंशुभ्र, कुठं कणी नाही, चमचा घातला तर चमच्याबरोबर वर येणारं. वहिनीनं ते परातीत काढलं आणि हातानं फेटलं. आई शेजारी बसून लसूण ठेचत होती. जाड मिरच्या चिरून तयार होत्या, तवा तापत होता. आईनं मिठाचा डबा पुढं ओढला, चिमूट भरली, आणि तिचा हात परातीवर तसाच थांबला. आमच्या गावात लग्नाच्या जेवणाचं मीठ आईच्या हातानं पडायचं. आचारीसुद्धा तिला बोलावून विचारत. तिनं कुणाला मिठाचं विचारलेलं मी ना आधी पाहिलं, ना नंतर.

"किती घालू गं?" तिनं वहिनीला विचारलं.